पडणाऱ्याची बाजू

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मंडळींना रविवारची संध्याकाळ ही एक समस्याच असते. कोणी भजनाला जातो, कोणी नाटकाची तालीम घेतो, कोणी पत्त्यांचा डाव मांडतो. बंगळूरच्या पूर्वेला महादेवपुरा नावाचा भाग आहे. तेथे आम्ही पाचसहा जण गेली काही वर्षे केवळ वाद घालण्यासाठी जमत आलो आहोत. वादाचे विषय दोनच : चित्रपट आणि कुस्ती. कुस्तीच्या बाबतीत आम्ही जातिभेद पाळत नाही. लाल मातीतली, गादीवरची आणि दूरचित्रवाणीवर चालणारी अमेरिकन, या तिन्ही प्रकारांविषयी आमच्यांत सारखेच तीव्र मतभेद आहेत.

मंडळींची ओळख खात्यांवरूनच करून देतो, कारण आपल्या वाचकांना तीच अधिक सोयीची. लेखापरीक्षण खात्यातले एक गृहस्थ आहेत. आयकर खात्यातल्या एक बाई आहेत. मूळचे कोल्हापूरकडचे, आता एका सरकारी संस्थेत असलेले एक अभियंते आहेत. आणि टपाल खात्यातून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले, आमच्यांत सर्वांत वडील असे एक मुंबईकर आहेत. दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात आयुष्य घालवलेले एक म्हैसूरकर शेजारीही मधूनमधून येऊन बसतात. त्यांना मराठी जितके कळते तितके बोलता येत नाही आणि आमच्या कानडीची स्थिती तीच आहे. पण कुस्तीचा विषय निघाला की ही अडचण कोणालाच जाणवत नाही.

महादेवपुरा २००७ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती बंगळूर महानगरात विलीन झाली. आज तेथे काचेच्या इमारती आहेत, बाह्य वर्तुळमार्गावरची न संपणारी वाहने आहेत आणि २०२३ पासून मेट्रोही आहे. आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र तालीम कुठे लागत नाही. कुस्ती आमच्यापर्यंत येते ती पडद्यावरूनच. तिच्याविषयीचा आमचा प्रत्येक वाद म्हणूनच फिरून एका प्रश्नावर येतो : हे खरे आहे की खोटे?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी हा प्रश्न नेहमीपेक्षा अधिक झोंबला. माझ्या घरी आम्ही नितेश तिवारी यांचा ‘दंगल’ पुन्हा पाहिला. चित्रपट २०१६ चा. सर्वांनी आधी पाहिलेला. तो संपताच लेखापरीक्षकांनी आपली वही उघडावी तसा आरंभ केला. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने ५५ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले हे खरे. पण अंतिम लढतीत तिने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला एकही गुण न देता हरवले. शेवटच्या क्षणी पाच गुणांचा डाव टाकून हरलेली लढत जिंकण्याचा जो थरार पडद्यावर दिसतो, तो घडलेलाच नाही. प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून वडिलांना खोलीत कोंडले जाते, तेही घडलेले नाही. “ही चित्रपटातली नुरा कुस्ती,” ते म्हणाले. मग ओघाने अमेरिकन कुस्ती आली. १९८९ साली त्या कंपनीने स्वतःच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ म्हणजे करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे, असे मान्य केले. हेतू हा की क्रीडा-आयोगाची देखरेख आणि तिच्याबरोबर येणारा आर्थिक भार टळावा. लेखापरीक्षकाला याहून समाधान देणारा कबुलीजबाब कोणता असणार?

तेथपर्यंत ठीक होते. पण टपालवाले गृहस्थ त्या दिवशी जुन्या आठवणीत होते. लहानपणी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दारासिंग आणि किंगकाँग यांची कुस्ती पाहिली होती. वडील गिरणीत कामाला. तिकिटाचे पैसे त्यांनी कसे जमवले असतील हे मुलाला फार पुढे कळले. ही हकीकत त्यांनी सांगितली, आणि वादाच्या भरात लेखापरीक्षक बोलून गेले, “अहो, तीही नुराच. निकाल आधी ठरलेला. तुमच्या वडिलांना फसवले त्या लोकांनी.”

टपालवाल्यांनी काही उत्तर दिले नाही. चहा घेतला आणि ते उठले. पुढचे तीन रविवार ते आले नाहीत.

त्या तीन आठवड्यांत मी जो विचार केला, तो येथे मांडत आहे. एखाद्या माणसाला त्याच्या बालपणीचा सर्वांत मोठा आनंद फसवणुकीतून मिळाला होता असे सांगणे, ही समीक्षा आहे का? आणि असेल, तर ती बरोबर आहे का?

निकाल आधी ठरलेला असणे हाच दोष मानला, तर आपल्या रंगभूमीचा अर्धा संसार मोडीत काढावा लागेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. भीम कीचकाला मारणार हे प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नाटकाच्या नावातच निकाल सांगितलेला होता. तरीही त्या मल्लयुद्धाने प्रेक्षक असे पेटत की १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचकात लोक कर्झनला पाहत होते आणि द्रौपदीत देशाला. निकाल ठाऊक असलेल्या एका कुस्तीची साम्राज्याला भीती वाटावी, याचा अर्थ काय? प्रेक्षक निकालासाठी आलेला नव्हता, एवढा तरी अर्थ निश्चित आहे.

चित्रपट आला तेव्हा त्यानेही हीच कुस्ती उचलली. दक्षिणेतला पहिला कथापट म्हणून ज्याची नोंद होते तो आर. नटराज मुदलियार यांचा मूकपट म्हणजे ‘कीचकवधम्’. १९१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मद्रासला तयार झाला. मुदलियारांनी कॅमेऱ्याचे शिक्षण घेतले ते पुण्यात, एका इंग्रज छायाचित्रकाराकडे; आणि चित्रफीत धुण्यासाठी प्रयोगशाळा उभारली ती बंगळूरला, कारण येथली हवा थंड. आठवडाभर मद्रासला चित्रीकरण करायचे, आठवड्याच्या अखेरीस बंगळूरला येऊन फीत धुवायची आणि सोमवारी परत कामावर, असा त्यांचा क्रम सांगतात. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. पण शतकभरापूर्वी याच गावात शनिवार-रविवार कोणी तरी भीम-कीचकाच्या कुस्तीत गढलेले होते, हे वाचून मला आमच्या बैठकीला थोडी कुलपरंपरा लाभल्यासारखे वाटले.

पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला. त्यातले कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की पुढे ते कापावे लागले. वास्तविक पडद्यावर कोणीही मेलेले नव्हते. लेखापरीक्षकांच्या कसोटीने ते दृश्य शंभर टक्के खोटे. तरी ज्यांनी ते कापले त्यांना ते पुरेसे खरे वाटले असले पाहिजे.

उलट बाजूचेही एक उदाहरण घेऊ. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये नायकाची बैलाशी झुंज आहे. तो बैल खरा होता, झुंज खरी होती, आणि तिच्यात शांतारामांच्या डोळ्यांना झालेली इजाही खरी होती. ही हकीकत कळल्यावर आपल्याला त्यांच्या धाडसाचे कौतुक वाटते. पण ते दृश्य म्हणून अधिक चांगले होते का? ज्याला ही हकीकत ठाऊक नाही अशा प्रेक्षकाच्या अनुभवात काही उणे राहते का? मला तसे वाटत नाही. पडद्यामागे घडलेले खरे आणि पडद्यावर प्रत्ययाला येणारे खरे, ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली जमा दुसऱ्यात दाखवता येत नाही. हा नियम लेखापरीक्षकांना तरी मान्य व्हावा.

मग स्पर्धेतली कुस्ती तरी संशयापलीकडची असते काय? मातीतल्या कुस्तीत ‘निकाली’ या शब्दाला मोठा मान आहे. गुणांवर सोडवलेली किंवा बरोबरीत सुटलेली कुस्ती रसिकांना रुचत नाही. पाठ मातीला लागली पाहिजे. शाहू महाराजांनी बांधवलेले आणि १९१२ मध्ये पुरे झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान पाहिले की या आग्रहाचा अर्थ कळतो. शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही हौद्यातली माती दिसावी अशी त्याची रचना आहे. पाठ लागली की नाही, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता यावे! आणि तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरूनच रण माजले. पराभूत ठरवलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली आणि पुढे अंतिम लढतही पुरती खेळली गेली नाही. इतक्या डोळ्यांसमोर, इतके कॅमेरे असताना, सत्य काय याविषयी एकमत झाले नाही. खऱ्या कुस्तीला पंच लागतो, आणि पंच म्हटला की वाद आलाच.

शिवाय वास्तवाला संभाव्यतेचे बंधन नसते. फोगटांच्याच घरातल्या विनेशने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्याच लढतीत जपानच्या युई सुसाकीला, जागतिक पातळीवर तोवर अजिंक्य मानल्या गेलेल्या मल्लाला, हरवून पुढे अंतिम फेरी गाठली. आणि दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम वजन अधिक भरले म्हणून ती बाद झाली. असे कथानक एखाद्या पटकथाकाराने लिहिले असते तर आम्हीच त्याला ओढूनताणून आणलेले म्हणून नावे ठेवली असती. कलावंताला वास्तवाकडून सगळेच घेता येत नाही. त्याला निवड करावी लागते. त्याने फेरफार केला यात नवल नाही. त्या फेरफाराने काय साधले, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने ‘दंगल’कडे पुन्हा पाहावे. अंतिम लढत चुरशीची दाखवली, हा माझ्या मते अपराध नव्हे. एकतर्फी विजय पदकासाठी उत्तम, नाटकासाठी निरुपयोगी. परंतु वडिलांना कोंडण्याचा प्रसंग वेगळा आहे. त्याची नाट्यदृष्ट्या गरज मी समजू शकतो : मुलीने अखेरचा डाव स्वतःच्या बळावर टाकावा, बाप जवळ नसावा, लहानपणी त्याने दिलेली शिकवण तेवढी आठवावी. कल्पना चांगलीच आहे. पण बापाला दूर ठेवण्यासाठी एक क्षुद्र, मत्सरी प्रशिक्षक निर्माण करावा लागला, येथे लेखणी थकली. बाप प्रेक्षकांत बसून सूचना ओरडतो आहे आणि गर्दीच्या गोंगाटात त्या मुलीपर्यंत पोचत नाहीत, एवढ्यानेही काम भागले असते. त्यात कोणी खलपुरुष नसता. आणि मुलीचे एकटेपण अधिक खरे झाले असते. एकाला उंच करण्यासाठी दुसऱ्याला बुटका करण्याची ही युक्ती आहे, आणि तिची किंमत चित्रपटाला मोजावी लागली आहे.

आयकर खात्यातल्या बाईंचा आक्षेप याहून मुळाशी जाणारा होता. त्यांच्या मते पहिल्या भागात दोन लहान मुलींचे केस त्यांच्या इच्छेविरुद्ध कापले जातात, त्यांचे बालपण बापाच्या स्वप्नासाठी खर्ची पडते, आणि चित्रपट त्यांची तक्रार हसण्यावारी नेतो. एका बालवधूच्या तोंडून बापाची बाजू वदवून घेतली की मुलींचे मन एका गाण्याच्या अवधीत पालटते. “ही कुस्ती कोणत्या मुलीने मागितली होती?” असे त्यांनी विचारले. त्याच वर्षीच्या ‘सुलतान’मध्ये तर ऑलिंपिकचे स्वप्न पाहणारी मल्ल नायिका मातृत्वासाठी आखाडा सोडते आणि कथा नवऱ्याच्या मागे निघून जाते, तिने काय गमावले याचा हिशेब कोणी मांडत नाही. बाईंचे म्हणणे मी खोडू शकलो नाही. येथेही मुद्दा तोच आहे. चित्रपट ज्याच्या बाजूचा आहे त्याच्यासमोर दुसरी बाजू उभीच राहू देत नाही.

म्हैसूरकर शेजाऱ्यांनी २०१९ च्या ‘पैलवान’ या कन्नड चित्रपटाविषयी जवळजवळ असेच सांगितले. सुदीप त्यांचा आवडता नट. तरी त्यांची तक्रार अशी की नायकाचा प्रतिस्पर्धी दुष्ट आहे एवढे एकदा कळले की त्याच्याविषयी आणखी काही कळण्याची सोय राहत नाही. मग तो पडला काय आणि न पडला काय! तुलनेसाठी त्यांनी दसऱ्याच्या वज्रमुष्टीचे वर्णन केले. विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यात जेट्टींच्या जोड्या मुंडन करून, मुठीत अणकुचीदार आयुध घेऊन समोरासमोर येतात. डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबते. बहुधा काही क्षणांतच सारे आटोपते. कोण जिंकला हे संध्याकाळपर्यंत लोक विसरतात, पण दोघे उभे राहिल्याखेरीज राजाच्या मिरवणुकीला आरंभ होत नाही. “रक्त देणारा आणि रक्त काढणारा दोघेही मानाचे,” असे ते म्हणाले.

प्रतिस्पर्ध्याची ही थोरवी आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला ठाऊक होती. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याची चर्चा करताना शत्रूचेही कुल, पराक्रम आणि विद्या वर्णावी, मग नायकाने त्याला जिंकल्याचे सांगावे, म्हणजे नायकाचा उत्कर्ष अधिक आल्हाददायक होतो, अशा आशयाचे म्हटले आहे. दंडीला येथे नीती सांगायची नव्हती. तो रचनेचा नियम सांगत होता. भीमाची ताकद प्रेक्षकाला कीचकावरून मोजता येते. कीचक जर पहिल्याच धक्क्याला कोसळला, तर भीम बलवान ठरत नाही, कीचक तेवढा दुबळा ठरतो. नाटकमंडळ्यांना हे व्यवहारात ठाऊकच असते. कीचकाचे काम हलक्या नटाला देऊन भागत नाही.

‘दंगल’ जेथे उत्तम उतरला आहे, तेथे हा नियम आपोआप पाळला गेला आहे. आरंभीचाच प्रसंग घ्या. कचेरीत दूरचित्रवाणीवर कुस्तीचे समालोचन चालू आहे आणि त्या आवाजावर दोन नोकर तेथेच भिडले आहेत. आम्हां कचेरीतल्या लोकांना तो प्रसंग विशेष आवडतो हे कबूल केले पाहिजे. त्यात हरणाऱ्या तरुणाला खलपुरुष करावे असे दिग्दर्शकाला वाटलेले नाही. म्हणून कुस्ती निर्मळ झाली आहे. आणि सर्वांत चांगला प्रसंग म्हणजे अकादमीतून परतलेली गीता आणि तिचा बाप यांची मातीतली लढत. बाप थकला आहे, धापा टाकतो आहे, पण हटत नाही. मुलगी नवे डाव शिकून आली आहे आणि तिला ते सिद्ध करायचे आहेत. बाप पडतो. त्या पडण्यात वय आहे, अभिमान आहे, आपणच शिकवलेल्या हातांनी पडण्याचे दुःख आहे आणि त्याच दुःखात कुठे तरी समाधानही आहे. आमिर खान यांनी त्या चित्रपटात अनेक ठिकाणी चांगले काम केले आहे. पण मला ते सर्वांत थोर वाटले ते पडताना.

अभियंते मूळचे कोल्हापूरचे, म्हणून खऱ्या कुस्तीची बाजू त्यांच्याकडे. त्यांनी खाशाबा जाधवांचा दाखला दिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले, हे मराठी माणसाला पाठ असते. पण ब्राँझपदक म्हणजे कोठे तरी झालेला पराभवही असतो, हे आपण विसरतो. जपानच्या इशीशी ते दीर्घकाळ झुंजले आणि थोडक्यात हरले. मग विश्रांतीचा ठरलेला वेळ न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले, आणि त्यांच्या वतीने नियम दाखवून भांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. आम्हां अधिकारी म्हणवणाऱ्यांना ही गोष्ट ऐकताना मान वर करवत नाही. पदकाच्या गौरवात ही हरलेली कुस्ती कधी सांगितली जात नाही. अभियंत्यांचे म्हणणे असे की खाशाबांची उंची त्या लढतीतच कळते.

आता दारासिंगांकडे येऊ. किंगकाँग या नावाने लढणारा एमिल झाया हा प्रचंड देहाचा मल्ल, आणि त्याच्यासमोर देखणा, तरुण दारासिंग, ही जोडी ज्यांनी जमवली त्यांना प्रेक्षकाचे मन ठाऊक होते. १९६२ साली ‘किंगकाँग’ याच नावाचा चित्रपट आला आणि त्यात नायक दारासिंग होते. आखाडा कोठे संपतो आणि चित्रपट कोठे सुरू होतो हे सांगता येऊ नये, अशी ती वेळ होती. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले. पुढे हनुमानाच्या रूपात ते घराघरांत पोचले. या कारकिर्दीतले नेमके किती खरे आणि किती ठरलेले, याचा ताळेबंद आज कोणी मांडू शकेल असे मला वाटत नाही.

अशा कुस्तीविषयी १९५७ साली रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथाच्या पहिल्याच निबंधात विचार केला आहे. हा खेळ नसून दर्शनीय प्रयोग आहे, आणि कुस्ती ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते मला बव्हंशी पटते. मात्र बार्थचे लक्ष आसनावर बसलेल्या प्रेक्षकाला काय दिसते याकडे आहे. रिंगणात प्रत्यक्ष काय घडते? शंभराहून अधिक किलोचा माणूस डोक्यावर उचलला जातो तो केवळ उचलणाऱ्याच्या बळावर नव्हे. उचलला जाणारा स्वतः उसळी घेतो, तोल सांभाळतो, आणि फळ्यांवर आपटताना मान वाचवून सगळा भार पाठीवर पसरतो. चूक झाली तर आयुष्याचा अपंगपणा येतो, आणि अशा चुका झालेल्या आहेत. म्हणजे निकाल ठरलेला असला तरी पडणे ठरवून टळत नाही. निकाल लटका, पण पाठीवरचा मार खरा, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

चौथ्या रविवारी टपालवाले आले. विषय त्यांनीच काढला. “माझ्या बाबांना कोणी फसवले नव्हते,” ते म्हणाले. “त्यांना सगळे ठाऊक होते. घरी येताना मीच विचारले होते, दारासिंग खरोखर जिंकला का म्हणून. ते म्हणाले, ‘जिंकणाऱ्याकडे काय बघतोस? पडणाऱ्याकडे बघ. एवढा मोठा माणूस, रोज रात्री पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. त्याला जास्त ताकद लागते.’ बाबा गिरणीत रात्रपाळी करायचे. ते काय बोलले ते मला तेव्हा कळले नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मी रागावून आलो नाही असे नव्हे. मला हे नीट आठवायचे होते.”

लेखापरीक्षकांनी त्यांची क्षमा मागितली. पण मुद्दा सोडला नाही, आणि तो न सोडल्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. ते म्हणाले, “तुमचे वडील शहाणे होते म्हणून त्यांना कळले. पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कळले नसेल. त्याने कदाचित पैजही लावली असेल. नाटकाच्या तिकिटावर नाटक म्हणून छापलेले असते. या तिकिटावर कुस्ती म्हणून छापले होते.” याला उत्तर नाही. आपल्या कचेऱ्यांतही कधीकधी निर्णय आधी होतो आणि टिपणी मागून लिहिली जाते. टिपणी कितीही सुरेख असो. ती वाचणाऱ्याला खरोखर विचार झाला असे भासवले जाते, हा तिचा दोष सुरेखपणाने धुऊन निघत नाही. निकाल ठरलेला असणे आणि तो ठरलेला नाही असे सांगणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली कलेला मानवते. दुसरी कोणालाच मानवत नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष निकाली नाही. प्रेक्षकाशी केलेल्या कराराच्या बाबतीत लेखापरीक्षक बरोबर आहेत. ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून पैसे घेणाऱ्या चित्रपटाने एका प्रशिक्षकाला न केलेल्या पापाचा धनी करावे, हे अयोग्यच. परंतु करार पाळला म्हणून कलाकृती चांगली होत नाही, आणि मोडला म्हणून तिच्यात जे उतरले आहे ते पुसले जात नाही. तेथे टपालवाल्यांच्या वडिलांची कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. कुस्ती मातीतली असो, पडद्यावरची असो की रिंगणातली, पडणारा माणूस म्हणून आपल्या नजरेत भरतो की नाही हे पाहावे. तो भरला, तर विजयाला वजन येते. तो नुसता पाडण्यासाठी उभा केलेला असेल, तर निकाल सोळा आणे खरा असूनही हाती काही लागत नाही.

जाण्यापूर्वी लेखापरीक्षकांनी बापलेकीच्या कुस्तीचे दृश्य पुन्हा लावायला सांगितले. आम्ही ते लावले, आणि बाप मातीतून उठेपर्यंत कोणी बोलले नाही.